उसनें नांव आणि घरचें नांव

बव्हेरिया हा जर्मनीचा दक्षिणेकडील प्रांत व म्युनिक ही त्याची राजधानी, असें मी आयुष्यभर मुलांना शिकवीत आलों. पुढें एका दुकानांत बिअरच्या बाटलीवर तेंच नांव दिसलें आणि त्याखालीं शब्द होता 'हॉलंड'! नकाशा चुकला कीं बाटली? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना एका घराण्याची जी हकीकत हातीं लागली, तीच आज सांगावयाची आहे. मद्याची भलावण करण्याचा माझा हेतु नाहीं. माझा विषय वारशाचा आहे.

नेदर्लंड्स देशाच्या उत्तर ब्राबंट प्रांतांत लीसहाउट नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथील स्विंकेल्स कुटुंब आपल्या धंद्याचा आरंभ १७१९ सालापासून मोजतें. सात पिढ्या एकच काम चाललें आहे. आपण नाचणीला मोड आणतों, तसे तेथें जवाला मोड आणतात. ते दाणे वाळवून भरडावयाचे, ऊन पाण्यांत भिजवून त्यांचा गोड काढा करावयाचा, हॉप वेलीच्या कडवट फुलांसह तो उकळावयाचा, आणि निवल्यावर त्यांत किण्व घालावयाचें. किण्व उबेंत काम करणारें असेल तर पेयाला फळांसारखा गंध येतो. थंडाव्यांत सावकाश काम करून तळाशीं बसणारें असेल तर पेय निवळ व हलकें होतें. ही दुसरी रीत बव्हेरियांत नांवारूपास आली.

ह्या कंपनीचें मूळचें नांव 'स्विंकेल्स बंधु' असें साधें होतें. १९२५ मध्यें तिनें 'बव्हेरिया' हा शब्द वापरण्यास प्रारंभ केला, आणि १९३० मध्यें तो कंपनीच्या नांवांतच आला. म्हणजे नकाशाही बरोबर आणि बाटलीही. नांव मात्र परगांवचें!

ह्या नांवाखालीं फिकट पिवळी पिल्सनर बिअर तर निघालीच, परंतु १९७८ मध्यें मद्यार्करहित माल्ट बिअरही निघाली. १९९९ पासून टिलबर्गजवळच्या कोनिंग्सहूवन मठांतील 'ला ट्राप' बिअरचा कारभारही ह्या घराण्याशीं जोडला गेला. तेथें ट्रॅपिस्ट साधूंच्या देखरेखीखालीं, मठाच्या भिंतींच्या आंत, उबेच्या रीतीनें गडद 'डुब्बेल', सोनेरी 'ट्रिपेल' आणि शेंकडा १० मद्यार्काची 'क्वाड्रुपेल' तयार होते.

उसन्या नांवाचा हिशेब मात्र एक दिवस द्यावा लागला. २००१ मध्यें 'बव्हेरियन बिअर' ह्या भौगोलिक नांवाला युरोपीय संरक्षण मिळालें, आणि बव्हेरियाच्या मद्यकारांच्या संघाशीं वाद न्यायालयांत गेला. नव्या नोंदणीमुळें पूर्वीं सद्भावनेनें नोंदलेलें व्यापारचिन्ह आपोआप बाद होत नाहीं, असें २००९ मध्यें युरोपीय न्यायालयानें सांगितलें. तरीही २०१८ मध्यें ह्या मंडळींनीं आपल्या कंपनीला पुन्हां स्विंकेल्स हें कुलनामच दिलें. 'बव्हेरिया' तेवढें बाटलीवर राहिलें. पुढच्याच वर्षीं, तीनशें वर्षें पूर्ण होतांना, डच राजघराण्याकडून 'रॉयल' ही पदवी मिळाली, ती ह्या घरच्या नांवाला.

श्रोतेहो, वडिलांच्या दुकानावरची पाटी बदलून एखादें भपकेदार नांव लावावें, असें आपल्याकडील तरुणांसही वाटतें. त्यांना मी दोष देत नाहीं. नांवानें गिऱ्हाईक येतें. पण पाटी बदलतांना हात तोच राहिला पाहिजे. लीसहाउटला तो राहिला, म्हणूनच जवळजवळ शंभर वर्षांनीं घरचें नांव परत लावतांना त्यांना संकोच वाटला नाहीं.