गुरुवार पहाटेचा नकाशा

गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर ती भंडारा जिल्ह्यातच होती. पुढे तिथे वैमानिक घडवणारी संस्था आली आणि शिकाऊ विमानांची घरघर वैनगंगेच्या खोऱ्याला ओळखीची झाली. आता जगभर वैमानिकाच्या मांडीवरचा कागदी नकाशा जाऊन टॅबलेट आला आहे. नकाशांची ॲप विकणारे एक गोष्ट मोठ्याने सांगतात : आमचे नकाशे झटपट अपडेट होतात. माझ्या मते हा वेग फारसा कामाचा नाही. खरा प्रश्न टॅबलेटमधल्या जागेचा आहे.

हवाई मार्ग, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी, मनाई असलेली क्षेत्रं यांतले ठरवून केलेले बदल वाटेल त्या दिवशी लागू होत नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या २८ दिवसांच्या चक्राप्रमाणे ते गुरुवारीच, आपल्या घड्याळात पहाटे साडेपाचला, अमलात येतात. आणि त्यांची माहिती किमान २८ दिवस आधी हाती पोचावी असा दंडक आहे. ॲपवाल्यांनाही त्यामुळे नवा संच मुदतीआधी देता येतो. मग डाउनलोडला पाच मिनिटं लागली काय किंवा रात्र गेली काय, वेळेवर सुरुवात करणाऱ्याचं काही अडत नाही. अडतं ते दुसरीकडे. बुधवारच्या उड्डाणाला जुना नकाशा हवा आणि गुरुवारसाठी नवाही तयार हवा, म्हणजे काही दिवस दोन्ही संच शेजारी शेजारी राहिले पाहिजेत. टॅबलेट भरलेला असला की माणूस जुना पुसून टाकतो आणि नवा अर्ध्यावर अडकतो. ही अवस्था जुन्या नकाशापेक्षा वाईट. जुन्यावर निदान तारीख असते. अर्धवट संचात काय आलं नाही, ते दिसतच नाही.

एवढी जागा लागते कशाला? नकाशा चित्राच्या तुकड्यांत साठवला, तर झूमच्या प्रत्येक पायरीला तुकडे चौपट होतात. पाच पायऱ्यांत एकाचे १,०२४. आणि या चित्रातलं २८ दिवसांत बदलतं किती? वैनगंगा तिथेच, मुंबई-हावडा रेल्वेमार्ग तिथेच, मालगुजारी तलाव तिथेच. मे महिन्यात त्यांतले कित्येक आटतात, पण ते कुठलंच अपडेट दाखवत नाही; ते वैमानिकानेच ओळखायचं. बदलतात ते टॉवर, फ्रिक्वेन्सी, हद्दी. म्हणून जमिनीचा जड थर एकदाच घ्यावा, हवाई माहितीचा हलका थर रेषा-बिंदूंच्या रूपात वेगळा ठेवावा आणि दर चक्राला तेवढाच बदलावा. गोसेखुर्दसारखा जलाशय नव्याने पसरला तर खालचा थरही बदलावा लागेल, पण अशी धरणं दर महिन्याला भरत नाहीत.

कोणी म्हणेल, नेट आता स्वस्त आणि वेगवान आहे, साठवायचंच कशाला? पण मोबाइलचे टॉवर जमिनीवरच्या माणसांसाठी उभारलेले आहेत. नागझिऱ्याच्या जंगलावरून जाताना रेंज मिळेलच, हे कोणाच्या भरवशावर? जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतं, नकाशा पुरवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जागा वाचवायला आपल्यापुरताच भाग ठेवला आणि हवामान बिघडून वाट बदलावी लागली तर? पण विमान टाकीतल्या इंधनापलीकडे जाऊ शकत नाही. तेवढं वर्तुळ आणि भोवती थोडी मोकळीक ठेवली, की शिकाऊ विमानाला युरोपचे नकाशे बाळगण्याची गरज उरत नाही. शिवाय अधिक साठा म्हणजे अधिक सुरक्षितता, असंही नाही. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सची डझनावारी उड्डाणं खोळंबली, कारण वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाचा एक नकाशा संचात दोनदा शिरला आणि ॲपच बंद पडलं. तिथे नकाशा कमी पडला नव्हता, एक जास्त झाला होता.

वेगाचा आग्रह मला एकाच ठिकाणी मान्य आहे : नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची तातडीची सूचना. धावपट्टी अचानक बंद झाली, दिवे गेले, ही खबर २८ दिवस थांबू शकत नाही. पण ती काही ओळींचा मजकूर असते आणि दुबळ्या नेटवरही येते, फक्त ॲपने तिला नकाशांच्या जड संचामागे रांगेत उभं करू नये.