आधी जाऊन पाहा, मग लिहा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणीत राबलेला माणूस. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. जे शिकलो ते बाबासाहेबांचे ग्रंथ वाचून. समितीने सांगितलं, पत्रकार बाबासाहेबांवर बोला, म्हणून उभा आहे.

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केलं. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नाही. बंधूंनो, जिथे आपली जाहिरात चालत नव्हती, तिथे आपली बातमी कोण छापणार होतं?

पुढे आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला 19 आणि 20 मार्च 1927 रोजी परिषद भरली. 20 तारखेला बाबासाहेब आपल्या लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्याले. तोच गावात अफवा उठली, की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. कुणी खात्री केली नाही, कुणी विचारलं नाही. काठ्या निघाल्या आणि आपल्या माणसांची डोकी फुटली. खोट्या बातमीचं बळ एवढं असतं!

बाबासाहेबांनी दुसरी अफवा उठवून उत्तर दिलं नाही. दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिलला, त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढलं आणि महाडला काय घडलं ते जगापुढे मांडलं. हाताशी माणसं नाहीत, पैसा नाही. चोवीस-चोवीस रकाने त्यांनी एकट्याने लिहून काढले. तळ्याचा खटला दहा वर्षं चालला. तिथे घोषणा उपयोगाच्या नव्हत्या, पुरावा लागत होता. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला.

आता माझी एक चूक सांगतो. वस्तीत पाण्याचा टँकर येत नव्हता. रेवसच्या धक्क्यावर लाँचची वाट बघताना कुणीतरी म्हणालं, आठ दिवस पाणी नाही. मी रागाच्या भरात तसंच लिहून एका साप्ताहिकाला पाठवलं आणि ते छापून आलं. साहेबांनी रजिस्टर पुढे केलं. टँकर चुकला होता पाच दिवस. तेवढा एक आकडा धरून त्यांनी आमची सगळीच तक्रार खोटी ठरवली. वस्तीतली एक मावशी मला म्हणाली, "अरे दादा, हंडा घेऊन रोज मी उभी राहते. मला विचारायचं होतंस की!" मी मान खाली घातली. पाच दिवसांची तहान काय कमी होती? पण माझ्या तीन दिवसांच्या थापेपायी ती वाया गेली.

तेव्हापासून मी नियम केला. आधी जागेवर जायचं. ज्याच्यावर बेतलंय त्याला विचारायचं. तारीख, वार, आकडा वहीत टिपायचा. समोरच्याचं म्हणणंही ऐकायचं. मगच पेन उचलायचं.

आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. आलेला मजकूर न वाचता आपण पुढे ढकलतो. पंचशीलातलं चौथं शील आपण विहारात रोज म्हणतो, ते विहाराबाहेरही पाळायचं असतं. समितीला माझी एकच विनंती आहे. विहारात एक वही ठेवा. पाणी, शाळा, दवाखाना, रेशन, जे घडेल ते आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी तारखेनिशी त्यात लिहावं. उद्या कुणी विचारलं, पुरावा काय, तर ती वही पुढे करता येईल.

एवढं बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!