एका चषकाचे दोन मानकरी

ता. ३ सप्टेंबर २०२३ रोजीं सायंकाळीं कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागांतील क्रीडांगणावर ड्युरँड चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूस हिरव्या व किरमिजी रंगाचा मोहन बागान, दुसऱ्या बाजूस लाल व सोनेरी रंगाचा ईस्ट बेंगाल. ६२ व्या मिनिटाला मोहन बागानच्या अनिरुद्ध थापाला पंचांनीं दुसरें पिवळें कार्ड दाखविलें आणि त्याला मैदान सोडावें लागलें. आतां दहा गडी अकरांशीं झुंजणार ! पण अवघ्या नऊ मिनिटांनीं दिमित्री पेट्राटोस या ऑस्ट्रेलियन खेळाडूनें एकट्यानें चेंडू पुढें नेला व लांबूनच असा टोला हाणला कीं, गोलरक्षकाचा इलाज चालला नाहीं. त्या एकाच गोलावर सामन्याचा निकाल लागला. मोहन बागाननें हा चषक सतराव्यांदा जिंकला. ईस्ट बेंगालच्या नांवावर तेव्हां तो सोळा वेळां होता. याच स्पर्धेंत तीन आठवड्यांपूर्वीं ईस्ट बेंगालनें मोहन बागानला त्याच एक-शून्य फरकानें हरविलें होतें. त्या पराभवाचें उट्टें असें निघालें.

हें वैर आजकालचें नव्हे. मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. १९११ सालीं याच संघाच्या अकरा खेळाडूंनीं ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा दोन विरुद्ध एक गोलानें पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्यांतले बहुतेक सारे अनवाणी खेळले होते ! तेव्हांपासून मोहन बागान हें नांव केवळ एका क्लबाचें न राहतां स्वाभिमानाचें प्रतीक झालें.

ईस्ट बेंगालचा जन्म मात्र रागांतून झाला. १९२० सालीं जोडाबागान क्लबानें मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यांत आपला पूर्व बंगालचा एक खेळाडू वगळला. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांस तो अन्याय वाटला. ते बाहेर पडले, व त्यांनीं मित्रांच्या साहाय्यानें पूर्व बंगालच्या लोकांचा निराळा क्लब काढला. पुढें १९४७ सालीं बंगालची फाळणी झाली. घरदार सोडून आलेल्या लक्षावधि निर्वासितांना त्या लाल-सोनेरी झेंड्यांत आपल्या हरपलेल्या गांवाची सावली दिसूं लागली. पश्चिमेकडील मूळचे लोक ते घोटी, पूर्वेकडून आलेले ते बांगाल. मोहन बागान जिंकला कीं घोट्यांच्या घरीं कोळंबीचा बेत, ईस्ट बेंगाल जिंकला कीं बांगालांकडे हिलसा मासळीचा. येथवर हा वाद स्वयंपाकघरांत जाऊन पोहोंचला आहे. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहिलेल्या जुन्या मंडळींस या दोन्ही क्लबांचीं नांवें चांगलीं परिचित असतील; तो चषक दोघांनींही नेला आहे.

ड्युरँड स्पर्धा १८८८ सालीं सिमल्यास सर मॉर्टिमर ड्युरँड यांनीं सुरू केली. प्रारंभीं ती गोऱ्या पलटणींपुरतीच होती. १९४० सालीं महमेडन स्पोर्टिंगनें ती प्रथम हिंदी क्लबासाठीं जिंकली. या स्पर्धेंत १९६० व १९८२ या दोन सालीं मोहन बागान व ईस्ट बेंगाल यांच्यांत निकाल न लागल्यामुळें दोघांनाही विजेते ठरविण्यांत आलें. एक चषक आणि दोन मानकरी ! कट्टर वैऱ्यांनीं एक वस्तु वांटून घ्यावी, याहून मौजेचा प्रसंग कोणता ?

परंतु याच प्रकारच्या एका प्रसंगाची आठवण काढतांना मन जड होतें. १९८० सालीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यांत हेच दोन संघ समोरासमोर आले. सामना एक-एक असा बरोबरींत सुटला, व चषक दोघांचा झाला. वाटलें असेल कीं, वर्ष गोडींत जाणार. पण त्याच मैदानावर ता. १६ ऑगस्ट रोजीं त्यांचा साखळींतला सामना झाला. मैदानावर धसमुसळा खेळ झाला, पंचांनीं दोन्ही बाजूंच्या एकेका खेळाडूस बाहेर काढलें, आणि ती आग प्रेक्षकांत पसरली. दगडफेक झाली, पळापळ झाली, चेंगराचेंगरी झाली. सोळा माणसें घरीं परतलींच नाहींत. सामन्यांत एकही गोल झाला नव्हता. कोणीं जिंकलें म्हणून नव्हे, कोणीं हरलें म्हणूनही नव्हे. तर समोरचा माणूस दुसऱ्या रंगाचा आहे, एवढ्याच कारणावरून हें घडलें.

श्रोतेहो, माझा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेला. खेळाच्या तासाला मुलांचे दोन गट पाडतांना मला एक गोष्ट नेहमीं दिसे. एक गट करून मुलें मोकळीं सोडलीं तर तीं नुसतीं हिंडत. पण दोन गट पाडतांच त्यांच्या अंगांत वारें शिरे. याचा अर्थ, खेळाला प्रतिपक्ष लागतो. प्रतिपक्ष हा खेळाचा शत्रु नव्हे. तो खेळाचा अर्धा भाग आहे. ईस्ट बेंगाल नसता तर मोहन बागानच्या विजयाला एवढी गोडी आली नसती, आणि मोहन बागान नसता तर ईस्ट बेंगालचा जन्मच झाला नसता. जो आपल्या प्रतिपक्षाचा नाश इच्छितो, तो आपल्याच खेळाचा नाश इच्छितो. हें साधें गणित सोळा घरांतले दिवे मालवल्यावर उमगावें, ही केवढी खेदाची गोष्ट !

तें उमगलें मात्र खरें. १६ ऑगस्ट हा दिवस पुढें कोलकात्यांत फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जाऊं लागला, व त्या दिवशीं रक्तदानाचीं शिबिरें भरूं लागलीं. जेथें रक्त सांडलें, तेथें तें दान करण्याची प्रथा पडावी, याहून उचित स्मारक मला सुचत नाहीं.

शेवटीं एक प्रसंग सांगतों. ऑगस्ट २०२४ मध्यें कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयांत एका तरुण स्त्री-डॉक्टरची अत्याचार करून हत्या करण्यांत आली, आणि सारें शहर पेटून उठलें. ता. १८ ऑगस्टला ड्युरँड स्पर्धेंत याच दोन संघांचा सामना व्हावयाचा होता. सुरक्षिततेचें कारण देऊन तो रद्द करण्यांत आला. सामना नाहीं म्हणून मंडळी घरीं बसली का ? नाहीं. हिरवा-किरमिजी आणि लाल-सोनेरी, दोन्ही रंगांचे लोक त्या क्रीडांगणाबाहेर एकत्र जमले व त्यांनीं त्या मुलीसाठीं एका सुरांत न्याय मागितला. पोलिसांच्या लाठ्याही त्यांनीं मिळूनच झेलल्या.

त्या दिवशीं चेंडू हलला नाहीं, गोल झाला नाहीं, चषकही कोणास मिळाला नाहीं. तरी माझ्या मतें, या दोन क्लबांमधील सर्वांत मोठा सामना त्याच सायंकाळीं झाला. आणि त्यांतही मानकरी दोघेच होते. पुढच्या वेळीं ते मैदानावर भेटतील तेव्हां पुन्हां कडाडून भांडोत. कोळंबी आणि हिलसा यांचा वादही खुशाल चालो. मात्र सामना संपल्यावर दोन्ही रंगांची माणसें सुखरूप घरीं पोहोंचोत, एवढेंच मागणें.