सेनापतीला रणांगण सापडले ते मुळशीत

जीविताचे प्रयोजन मनुष्यास ग्रंथांत गवसते की प्रत्यक्ष अनुभवात, असा प्रश्न निघाला की मला पारनेरचे पांडुरंग महादेव बापट आठवतात. डेक्कन कॉलेजात पदवी घेऊन शिष्यवृत्तीवर विलायतेस गेलेला, तेथे परसत्तेविरुद्ध भाषण केल्याने ती शिष्यवृत्ती गमावून बसलेला आणि पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या शिकलेला हा विद्वान पुढे स्वग्रामी परतून हाती झाडू घेऊन रस्ते झाडू लागला, तेव्हा पुष्कळांना ते वेड वाटले असेल. मला तो शोध वाटतो.

त्या शोधास रणांगण मिळाले ते मुळशी पेट्यात. टाटा कंपनीने मुंबईस वीज पुरविण्यासाठी मुळा-निळा संगमावर धरण आरंभिले, सरकारने तदर्थ जमिनी संपादन केल्या, आणि गहाण पडलेल्या खाचरांचा मोबदला बव्हंशी सावकाराच्या तिजोरीत जाणार हे मावळ्यांना उमगले. १९२१ च्या रामनवमीस मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. तेथे नुसती सहानुभूती पुरेना. मार खावा लागे, तुरुंग सोसावा लागे, घरादारावर पाणी सोडावे लागे. ते सारे बापटांनी सोसले. अखेरीस कंपनीची आगगाडी अडविल्याबद्दल त्यांना सात वर्षांची सजा झाली. शस्त्र उगारून गाडी अडविणे सत्याग्रहात बसते काय, हा आक्षेप तेव्हाही निघाला आणि तो गैरवाजवी नव्हता.

धरण व्हावयाचे ते झालेच. ‘सेनापती’ ही पदवी मात्र बापटांना याच लढ्याने दिली, आणि १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहातही उतरले.