कडेवरची खूण

ऐतिहासिक स्मृतिपदकांच्या चांदीतील प्रतिकृती जमविणाऱ्याकडे लोक थोड्या अनुकंपेने पाहतात. अस्सल वस्तू परवडली नाही म्हणून नक्कल घेतली, असा त्यांचा समज असतो. तो पुष्कळसा खराही आहे. पगारावर जगणाऱ्याच्या संग्रहाला खिशाची मर्यादा असायचीच. परंतु नक्कल निराळी आणि बनावट निराळी.

बेंजामिन फ्रँक्लिन यांनी पॅरिसमध्ये करविलेले 'लिबर्तास अमेरिकाना' हे पदक घ्या. ओग्युस्तँ द्युप्रे या कलावंताने १७८३ मध्ये ते घडविले. एका अंगास मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता आणि ४ जुलै १७७६ ही तारीख. दुसऱ्या अंगास दोन्ही मुठींत साप आवळून धरलेला बाळ हर्क्युलिस. हे साप म्हणजे १७७७ मध्ये साराटोगा येथे आणि १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे शरण आलेल्या दोन इंग्रज सेना. चालून येणारा बिबट्या म्हणजे इंग्लंड, आणि लिलीच्या फुलांची ढाल आडवी धरणारी मिनर्व्हा म्हणजे फ्रान्स. कालियामर्दनाच्या कथेवर वाढलेल्या आपल्या मनाला हे चित्र परके वाटत नाही. फ्रान्सच्या राजाराणीस अर्पण केलेली दोन्ही सुवर्णपदके आज बेपत्ता आहेत. चांदीची अस्सल पदके लिलावात येतात, तेव्हा आपण त्यांच्या किमती वाचाव्या आणि स्वस्थ बसावे. मात्र पॅरिसच्या टांकसाळीने विसाव्या शतकात नव्या ठशांवरून काढलेली प्रतिकृती भिंगाखाली धरून हा सारा राजकीय डाव सावकाश वाचता येतो.

प्रतिकृती हाती आली की मी प्रथम तिची कडा पाहतो. पॅरिसची टांकसाळ कडेवर धातूचे नाव आणि एक इवलेसे चिन्ह उमटविते. १८४५ ते १८६० या काळात बोट दाखविणारा हात होता, पुढे १८८० पर्यंत मधमाशी, आणि त्यानंतर फळाफुलांनी भरलेले शिंग. पदक केव्हा पाडले, हे ते स्वतःच सांगते. लबाड विक्रेता म्हणूनच ही कडा कानशीने घासून काढतो. साच्यात ओतलेली नक्कल मापाने पकडता येते. धातू निवताना आकसतो, त्यामुळे ती मूळ पदकाहून किंचित लहान भरते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात.

माझ्या खणातील प्रत्येक पदकाखाली एक चिठ्ठी आहे. तीवर वजन, पाडल्याचे वर्ष, दिलेली किंमत आणि ठळक अक्षरांत 'प्रतिकृती' हा शब्द. उद्या तो खण मुलांनी उघडला, तर सराफाकडे जाण्यापूर्वी ती चिठ्ठी त्यांच्या हाती पडावी.