पहिल्या रात्रीचा कागद

आम्ही गणेशपुरीच्या बचतगटातल्या बाया आज तुमच्याशी बोलणार आहोत.

गटातल्या एकीच्या लेकीनं आम्हाला मोबाइलवर एक माहितीपट दाखवला. नाव ‘अमेरिकन नाइटमेअर’, २०२४ साली नेटफ्लिक्सवर आलेला. भाषा इंग्रजी, म्हणून पोरगी मध्येमध्ये थांबवून सांगायची. तीन भाग बघायला आम्हाला तीन बैठका लागल्या.

गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यातलं व्हॅलेहो शहर, मार्च २०१५. पहाटे एक माणूस घरात शिरला. आरॉन क्विन आणि त्याची मैत्रीण डेनिस हस्किन्स झोपलेले. दोघांना बांधलं, डोळ्यांवर काळे केलेले पोहण्याचे चष्मे चढवले, गुंगीचं औषध पाजलं आणि डेनिसला उचलून नेलं. आरॉननं पोलिसांना कळवलं, तर त्यांनी त्यालाच तासन्‌तास बसवून घेतलं. तूच तिला मारलंस, हेच पालुपद. दोन दिवसांनी ती जिवंत सुटून आली. त्या माणसानं तिच्यावर बलात्कार केला होता. पण पोलिसांनी पत्रकारांना सांगितलं, ही सगळी बनवाबनवी आहे.

मग जूनमध्ये डब्लिन नावाच्या दुसऱ्या गावात तसाच घरात घुसण्याचा प्रकार झाला. तिथल्या पोलीस खात्यातल्या मिस्टी कॅरॉसू या बाईंना जप्त केलेल्या चष्म्याला चिकटलेला एक सोनेरी केस दिसला. हा केस कुणाचा, असं त्या विचारत राहिल्या, म्हणून डेनिसपर्यंत धागा पोचला. मॅथ्यू म्युलर नावाच्या त्या माणसाला २०१७ मध्ये ४० वर्षांची शिक्षा झाली. शहरानं त्या दोघांना २५ लाख डॉलर भरपाई दिली. चूक केली पोलिसांनी, धागा पकडला तोही पोलिसांतल्याच एकीनं. हे सांगायला हवं, नाहीतर आम्ही सगळ्या खाकीला एका काठीनं हाकतोय असं वाटायचं.

बघून झाल्यावर एक सून म्हणाली, “हे तिकडचं. आपल्याकडे असं कुठं?” तेव्हा कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, “खैरलांजी विसरलीस होय?”

ती तेव्हा लहान होती. तिच्यासाठी, आणि तिच्या वयाच्या सगळ्या जणींसाठी सांगतो.

भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी गाव. सुरेखा आणि भैयालाल भोतमांगे हे बौद्ध कुटुंब. पोटापुरती शेती, राहायला झोपडी. मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर, तिन्ही शिकवलेली. शेतातल्या वाटेवरून गावाशी तंटा होता. सप्टेंबर २००६ मध्ये या कुटुंबाला मदत करणाऱ्या एका माणसाला मारहाण झाली. मारणारे कोण, हे सुरेखाबाईंनी पोलिसांना सांगितलं. २९ सप्टेंबरला ती माणसं जामिनावर सुटली आणि त्याच संध्याकाळी, चुली पेटायच्या वेळेला, जमाव झोपडीवर चालून आला. आई आणि तिन्ही मुलं मारली गेली. मृतदेह कालव्यात टाकले. भैयालाल तेवढे वाचले.

बाईनं साक्ष दिली, तिचं रक्षण कुणी केलं नाही. आम्हाला इथंच थांबावंसं वाटतं, कारण मारामारी पाहिली तरी ‘आपण कशाला मध्ये पडा’ असं आपण का म्हणतो, त्याचं उत्तर इथं आहे. सुरेखाबाई मध्ये पडल्या होत्या.

त्या रात्री आंधळगाव पोलीस ठाण्यापर्यंत खबर गेली होती. शोध वेळेत झाला नाही, असा आरोप झाला. पहिलं शवविच्छेदन इतकं वरवरचं होतं, की पुरलेला देह उकरून पुन्हा तपासावा लागला. पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशी बदलून २५ वर्षांचा कारावास केला. अॅट्रॉसिटीचा गुन्हा आणि लैंगिक अत्याचार मात्र न्यायालयात सिद्ध धरले गेले नाहीत. पहिल्या दिवशी जे नीट तपासलं नाही, ते नंतर कुठून आणायचं? भैयालाल २०१७ च्या जानेवारीत वारले.

म्हणून आम्ही त्या पहिल्या कागदाच्या मागे लागलो आहोत.

दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही; कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावी लागते. तोंडी सांगितलेलं लिहून घेऊन वाचून दाखवायचं असतं आणि प्रत फुकट द्यायची असते. नोंदवलीच नाही, तर तीच तक्रार लिहून टपालानं पोलीस अधीक्षकांकडे धाडायची, आपल्यासाठी ठाणे ग्रामीणच्या, आणि पावती जपून ठेवायची. तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत. बलात्काराची तक्रार घ्यायला पोलिसानं नकार दिला, तर त्याला स्वतःलाच तुरुंगवास होऊ शकतो. आणि बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचं असतं.

ऐकायला सोपं वाटतं. रात्री अकरा वाजता, पदर फाटलेला, बरोबर लहान मूल, अशा बाईला यातलं एकही कलम आठवणार नाही. म्हणून आम्ही ठरवलं, कुठलीही ठाण्यात एकटी जायची नाही, गटातल्या दोघी बरोबर. एकीनं ऐकायचं, दुसरीनं तारीख, वेळ आणि ठाण्यात कोण होतं ते वहीत लिहायचं. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, घरातली वस्तू हलवायची नाही. आधी ११२ ला फोन.

मागच्या शनिवारी देवळामागं बसून सराव केला. एक जण हवालदार झाली, सगळ्या हसून लोटपोट. वीटभट्टीवर काम करणारी आमची एक ताई, जिला वाचता येत नाही, ती तक्रारदार. हवालदारणीनं कागद पुढं केला आणि म्हणाली, “लाव अंगठा.” ताईनं शाई लागलेला हात मागं घेतला. “आधी वाचून दाखवा साहेब.” आवाज अगदी बारीक आला. आम्ही तिला परत म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळेला देवळापुढून जाणारा माणूस वळून बघायला लागला.