बापाचा पत्ता



पत्ता हुडकणें हें टपालवाल्याचें काम, असें आपण समजतों. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी नोकरांचा एक वर्ग असा आहे कीं, मुलांच्या बापांचे पत्ते हुडकणें हा त्याच्या नित्याच्या कामाचा भाग असतो. मेजावर आलेल्या कागदांत मुलाचें नांव असतें, आईचें असतें. बापाच्या नांवापुढें मात्र पुष्कळदां जुनाच पत्ता असतो, आणि तेथें तो राहत नसतो. त्याला शोधावयाचें, त्याची मिळकत पाहावयाची आणि मुलाची पोटगी दरमहा येत राहील अशी तजवीज करावयाची, हें या तपासनिसाचें काम.

सरकारनें या घरगुती भानगडींत कां पडावें, असें कोणी विचारील. तेथील उत्तर व्यवहारी होतें. बापानें टाकलेल्या मुलांचा भार सरकारी तिजोरीवर पडत होता. तो ज्याचा त्यानें उचलावा, या विचारानें १९७५ सालीं मध्यवर्ती कायदा झाला. म्हणजे आरंभीं मुलापेक्षां तिजोरीची चिंता अधिक होती, हें स्पष्ट म्हटलेलें बरें. सरकारी मदत घेणाऱ्या घरीं याचा परिणाम अजून दिसतो. बापानें भरलेल्या रकमेपैकीं बराच भाग अनेक संस्थानांत सरकारच मदतीच्या फेडीदाखल ठेवून घेतें, आणि तो हिशेब आईला समजावून सांगण्याची पाळी आपल्या तपासनिसावर येते!

शोधाचीं साधनें पूर्वीं साधीं होतीं. टपालकचेरी, शेजारीपाजारी, जुना मालक. १९९६ च्या कायद्यानें नवें साधन हातीं दिलें. नवा नोकर ठेवला कीं मालकानें वीस दिवसांच्या आंत त्याचें नांव संस्थानच्या दप्तरीं कळवावें, आणि तीं नांवें देशभरच्या यादींत मिळवून पाहावीं. नांव सांपडलें कीं पोटगी पगारांतूनच कापली जाते. करादि सक्तीच्या कपाती वजा जातां जें उरतें त्याच्या निम्म्यापासून शेंकडा ६५ पर्यंतच, परिस्थितीनुसार, ही कपात करतां येते. पितृत्वच नाकारलें, तर गालाच्या आंतून कापसाचा बोळा फिरवून परीक्षा करतात. थकबाकी २,५०० डॉलरांच्या वर गेली तर पासपोर्ट नाकारला जातो. मोटार हांकण्याचा परवानाही जाऊं शकतो.

परंतु खरी कसोटी येथून पुढें आहे. समजा, एक सुतार आहे. तो रोखीनें मजुरी घेतो, कोठल्याही दप्तरांत त्याचें नांव नाहीं, आणि कोर्टांत हात पसरून दाखवितो. दुसराही सुतारच, पण त्याचें काम खरोखरच सुटलें आहे. कागदावर दोघे सारखेच दिसतात. पहिल्याला सोडलें तर मूल उपाशी. दुसऱ्याचा परवाना काढून घेतला तर उद्यां लागणाऱ्या कामावर तो जाणार कसा? तेव्हां कोणाजवळ पैसा नाहीं आणि कोणाची देण्याची इच्छा नाहीं, हें ओळखणें हेंच या नोकरींतलें खरें शहाणपण होय. यादी जुळविणें यंत्रालाही जमतें.

त्यांत एक कठोर नियम आहे. १९८६ पासून अमेरिकेंत एकदां थकलेली पोटगी मागाहून कमी करतां येत नाहीं. फेरविचाराचा अर्ज गेल्यानंतरच्या हप्त्यांनाच सूट मिळूं शकते. म्हणून काम सुटल्याच्या आठवड्यांतच अर्ज करा, असें बापाला वेळेवर सांगणारा तपासनीस मुलाचेंही हितच करतो, असें मला वाटतें. न वसूल होणारी थकबाकी वाढली कीं बाप तोंड चुकवूं लागतो, आणि मुलाचे पैसे तर जातातच, भेटही जाते. २०११ सालीं दक्षिण कॅरोलिनांतील एका बापाच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, त्याला वकील न दिला तरी तुरुंगांत धाडण्यापूर्वीं त्याची ऐपत होती कीं नव्हती हें पाहण्याची नीट व्यवस्था हवी. २०१६ च्या नियमांनीं, कैदेंत असणें म्हणजे जाणूनबुजून बेकार राहणें असें धरूं नये, असें ठरविलें. इतकी साधी गोष्ट नियमांत लिहावी लागली.

आपल्याकडे काय आहे? मुलाच्या पोटगीचा हक्क आहे. पूर्वीं फौजदारी संहितेचें १२५ वें कलम होतें, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचें १४४ वें आहे. दोन्ही पक्षांनीं मिळकतीचें प्रतिज्ञापत्र द्यावें, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही २०२० सालीं सांगितलें. नाहीं तो केवळ हा तपासनीस. समन्स घेऊन गेलेला शिपाई, सदर इसम पत्त्यावर मिळून येत नाहीं, असा शेरा मारून परत येतो. मग आईच त्याच्या एखाद्या जुन्या सोबत्याला गांठते, तो सध्यां कोणत्या कारखान्यांत जातो आणि पगार किती घेतो याची विचारपूस करते, आणि पुढच्या तारखेला तो पत्ता कागदावर लिहून कोर्टांत घेऊन येते.